एलिव्हेशनातली खिडकी

पेणला ज्या ऑफिसात मी नकाशे काढते, तिथले सर ट्रेसिंग पेपरवर वाढलेले. त्यांच्या लेखी प्लॅन, म्हणजे वरून दिसणारं घर, हा एक कागद आणि एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी भिंत, हा दुसरा. आता कॉम्प्युटरमध्ये घर एकच असतं आणि हे दोन्ही त्याचेच दोन बाजूंनी घेतलेले फोटो, हे सांगून सांगून मी थकले. "एकीकडे पुसलं की सगळीकडून जातं, सर. नको असेल तर नुसतं लपवा." सर म्हणायचे, "हो गं, कळतं मला." डोंबल कळत होतं!

रोह्याचं एक गिऱ्हाईक होतं, नागोठण्याला कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारे गृहस्थ. जुनं घर पाडून तिथेच नवं बांधायचं होतं. शेजारी थोरल्या भावाचं घर. बायकोला स्वयंपाकघराची त्या बाजूची खिडकी पूर्वीसारखीच हवी होती आणि भावाने बजावलेलं, माझ्या घराकडे एकही खिडकी नको. मग या पठ्ठ्याने मी जेवायला गेलेली बघून सरांना गाठलं. "दादाच्या बाजूच्या एलिव्हेशनातून तेवढी खिडकी काढा, हिच्या प्लॅनात राहू द्या." सरांनी काढली. पुसून!

रोह्याला दादांच्या ओटीवर कागद पसरले. धाकट्या बाईंनी प्लॅनवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"अहो, माझी खिडकी कुठाय?"

नवरा छताकडे बघू लागला. बाईंचे डोळे भरले. "ती नाय तर मी या घरात पाऊल टाकणार नाय."

"सॉफ्टवेअरचा घोळ आहे," सर म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं. लॅपटॉप उघडला आणि प्लॅनात खिडकी परत बसवली. त्याच क्षणी ती शेजारच्या एलिव्हेशनातही टुणकन उगवली, दादांच्या नाकासमोर.

"ही कुठून आली? मी नाय म्हटलेलं ना?"

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. स्क्रीनकडे निरखून बघत मला म्हणाली, "जरा खाली घे गो ती. खिडकीतून वाटी घेताना माझा हात पोचत नाय."

"कसली वाटी?" दादा ओरडले.

"बोटं चाटून खाता ना ते वालाचं बिरडं? ते मी कधी केलंय? हिच्याच घरचं असतं ते."

मला हसू आवरेना, आणि त्या दोघी जावांचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. दादांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती खाली घ्यावी लागेल?"