लेकीला आणायला, ज्वालामुखीच्या शेजारी

आमच्या कोन गावाहून निघताना आमचे हे गाडीत बॅग टाकत म्हणाले, “पोरीला घेऊनच ये. नायतर तू बी येऊ नको.” थट्टाच होती, पण अर्धीच. नयनाला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे चर्चा नसते. आणि ही बया राहते आइसलँडमध्ये, ज्वालामुखीच्या शेजारी!

विमानतळाबाहेर सगळीकडे काळं, करपलेलं रान. मधूनच जमिनीतून वाफा. इतकी वर्षं चौथीच्या पोरांना मी फळ्यावर लाल खडूने शिलारस काढून दाखवला. तो पायाखाली आहे म्हटल्यावर पाऊल टाकायची भीती वाटायला लागली.

नयनाच्या घरी नळ सोडला, तर कढत पाणी आणि उकडलेल्या अंड्यांचा वास. “जमिनीतलंच आहे, आई. घरही त्यानेच उबदार राहतं.” दुसऱ्या दिवशी ती काम करते ते वीजकेंद्र पाहिलं. जमिनीत खोल भोकं पाडून वाफ वर आणतात, तिच्यावर यंत्रं फिरवतात. ती उत्साहाने सांगत होती आणि मला फक्त तिचं पोट दिसत होतं. अगं, उन्हेऱ्याच्या गरम कुंडात बोट बुडवायला रडायचीस तू!

शेजारच्या आजीबाईंनी गरम मातीत पुरलेलं पातेलं उकरून ब्रॉइथ (पाव) खायला दिला. मला आपली पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) आठवली. छान होता, खोटं कशाला बोलू?

“इथे भीती नाही वाटत?” मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

“वाटते ना,” त्या म्हणाल्या. “लोणी घ्या अजून.”

तिसऱ्या दिवशी चहा घेताना जमीन हलली. कपबशा खुळखुळल्या. मी नयनाचा हात गच्च धरला. तिने हातातलं बिस्किटही खाली ठेवलं नाही.

“काही नाही गं, रोजचंच आहे.”

“रोजचंच? चल, आजच्या आज निघायचं!”

“मी नाही येणार, आई. नवरा इथे, डॉक्टर इथे, काम इथे.”

दाराशी एक बॅग होती, पळायची वेळ आली तर उचलायला. उघडून पाहिली. कागदपत्रं, बॅटरी, पांघरूण आणि मी शिवलेलं झबलं. मग मात्र मला रडू आवरेना.

एकटीच परतले. यांनी बॅग माळ्यावर टाकली, तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नयनाशी फोनवर बोलत होते, तोच मागच्या डोंगरात खाणीचा सुरुंग उडाला. खिडक्या थरथरल्या, मांडणीवरचे डबे वाजले.

“आई! काय झालं?” नयना ओरडली.

“काही नाही गं, रोजचंच आहे.”

बोलून गेले आणि जीभ चावली. तिकडे ती खुदकन हसली. याच घरात, याच हादऱ्यांत ती रांगायला शिकली होती. म्हणून माझी भीती गेली का? छे! पण तिला ओढून आणायचा हट्ट तेवढा गेला.

फोन ठेवून बॅग पुन्हा खाली काढली. हे दारात उभे. “आता कुठं?”

“ती येत नाही ना, मग मीच जाते. बाळंतपण होईपर्यंत.”

यांनी बॅगेची चेन उघडून दिली.

“मंग अळीव जास्त घे,” म्हणाले. “तिकडं मिळायचा नाय.”