नागरआत्या छताखाली येते

दुपारचे अडीच वाजले असावेत. शाळेतला कार्यक्रम आटोपून मी घरी आले, चपला काढल्या आणि साडी न बदलताच स्वयंपाकघरातल्या थंड फरशीवर आडवी झाले. डोळे मिटतात, कान मात्र जागे आहेत. शेजारी कुणीतरी शेंगा फोडतंय. टक, टक. हळूहळू तो आवाज लांब जातो आणि खोल विहिरीत पहार आपटावी तसा जमिनीखालून यायला लागतो.

दारात नागरआत्या उभी आहे.

माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला जाऊन बावीस वर्षं झाली. इरकली लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, पाय घोट्यापर्यंत ओल्या मातीत भरलेले. जिवंतपणी दिसायची तशीच दिसते, फक्त उन्हात उभी असूनही तिला घाम नाही.

"आत ये की, आत्या."

"न्हाई. हितंच बरं."

भूकंपानंतर ती नऊ वर्षं जगली आणि त्या नऊ वर्षांत एक दिवसही छताखाली झोपली नाही. पुनर्वसनात मिळालेलं घर तिनं उघडलंसुद्धा नाही. पाऊस आला की लिंबाखाली पोतं पांघरून बसायची. आपण आत गेलो की छत पडेल आणि सोबतचं माणूस जाईल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

ती आत येत नाही म्हणून मी बाहेर जाते. उंबरा ओलांडते आणि पाय जुन्या गावात पडतो.

तेरणेच्या काठचं आमचं गाव, किल्लारीपासून दोन कोसांवर. काल अनंत चतुर्दशी झाली आहे, पायऱ्यांवर गुलाल पडलाय. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, दोन-दोन हात जाड. आमच्या घराचं दार लोटलेलं आहे.

"आत अण्णा झोपलाय, तुझा बाप," आत्या सांगते. "तुझी आई पण."

"आणि मी?"

"तू माझ्याकडं शेतात. हट्ट धरला होतास की माझ्याजवळ झोपायचा. विसरलीस व्हय?"

मला दार ढकलायचं आहे. हात उचलते, तेवढ्यात आवाज येतो. हलणं नंतर येतं, आवाज आधी. जमिनीच्या पोटातून कुणीतरी दगडांनी भरलेली गाडी पळवत आणावी तसा. मग पाय माझे राहत नाहीत. समोरची भिंत मधोमध उभी उकलते. तिचा अर्धा भाग गल्लीत येतो, अर्धा आत जातो, आणि वरचं मातीचं माळवद सगळंच्या सगळं खाली बसतं. धूळ उठते. तोंडात माती येते. त्यानंतर इतकं शांत होतं की माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येतो.

मी अकरा वर्षांची आहे आणि तंबूत ताडपत्रीवर बसले आहे. हातात खिचडीची पत्रावळ आहे. समोर मन्मथअप्पा. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांचे दोन मुलगे गेलेत. डोळे कोरडे, लाल. ते कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणतात, "कशानं झालं असंल हे?"

आणि माझं तोंड उघडतं. "आत्यानं म्हसोबाचा दगड हलवला होता."

खरंच हलवला होता. आदल्या वर्षी, विहिरीसाठी. शेतात पाणी तिथंच आहे असं तिचं म्हणणं होतं, आणि नेमका तिथं म्हसोबा. तिनं नारळ फोडला, हात जोडले, दगड चार हात सरकवून लिंबाखाली ठेवला. हळदीकुंकवाचं ताट मी धरलं होतं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत जमीन थोडीथोडी हलायला लागली, आणि पुढच्या वर्षी हे. माझ्या त्या एका वाक्यानं तंबूतल्या सगळ्या माणसांचा रोख तिच्यावर गेला. गावातली जाड भिंतींची घरं पडली आणि हिचं शेतातलं शेड उभंच राहिलं, म्हणजे हिनंच केलं. त्या दिवसापासून तिच्या बांधावर कुणी फिरकलं नाही. विहिरीचं पाणी कुणी तोंडाला लावलं नाही.

आता स्वप्नात ती माझ्या शेजारी ताडपत्रीवर बसली आहे आणि हे सगळं ऐकते आहे.

"मीच बोलले होते, आत्या," मी म्हणते. "तुला कधी सांगितलं नाही. मग लातूरला वसतिगृहात गेले, तिकडेच शिकले आणि तुला भेटायला येणंच टाळलं."

ती विचारते, "तुला खरंच तसं वाटलं होतं?"

"हो. अकरा वर्षांची होते."

"मलाबी वाटलं होतं," ती म्हणते. "मी पन्नास वर्षांची होते."

माझ्या हातातली पत्रावळ कुठे गेली कळत नाही. आम्ही ज्वारीत उभ्या आहोत. कणसं डोक्याच्या वर. मी एक वाळलेलं धाट मोडून तिच्या हातात देते. शाळेत सातवीच्या मुलांना देते तसं.

"दोन्ही टोकं धर. वाकव, हळूहळू."

ती वाकवते. धाट कमान होतं.

"आणखी."

"मोडंल की."

"मोडेलच. पण कधी, ते सांगता येत नाही."

ती अजून जोर लावते. काडकन आवाज होतो. आत्या हात झटकते आणि तळव्याकडे बघत राहते.

"झिणझिण्या आल्या."

"तोच झटका. जमिनीखाली खडक असाच वाकत असतो. आपली सगळी जमीन वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेकडं सरकते आणि पुढं हिमालय आडवा आहे. तो रेटा साठत जातो. जिथं खडकात जुनी भेग असते तिथं एक दिवस तो सुटतो."

"भेग कुठं हाय आपली?"

"दोन-तीन कोस."

"बाजाराला जायचो तेवढी लांब?"

"तेवढीच. पण सरळ खाली."

तिला ते अंतर पायांनी माहीत आहे. दर बुधवारी डोक्यावर पाटी घेऊन तिनं ते कापलेलं. ती पायाखाली बघते, मनातल्या मनात चालत जाते.

"आणि किती दिस वाकत होतं?"

"हजारो वर्षं. तुझ्या आधीपासून. गाव वसलं त्याच्या आधीपासून. तो दगड म्हसोबा झाला त्याच्याही आधीपासून."

"माझी पहार..."

"तुझी पहार तिथवर पोचली नाही, आत्या. तिथल्या खडकाला तुझा पत्ताच नव्हता."

ती मोडलेल्या धाटाची दोन टोकं एकमेकांना लावून बघते. ती जुळत नाहीत. मग विचारते ते मला अपेक्षित नसतं. "मग माझा भाऊ कशानं गेला?"

"भिंतीनं. दोन बाजूंना दगड, मधे माती आणि कपच्या. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा एक लांब दगड कुठं घातलेला नाही. वर फूट-फूट मातीचा भार. तुझं शेड पत्र्याचं, बांबूचं. ते हललं आणि राहिलं."

"म्हणजे मला म्हसोबानं राखलं न्हाई?"

"बांबूनं राखलं."

तिच्या ओठांची कड हलते. पण लगेच चेहरा पुन्हा घट्ट होतो. "हे तू मला सांगतीस. मी मेलेलं माणूस. गावाला कोण सांगणार?"

"आज सकाळी सांगितलं."

आम्ही शाळेच्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभ्या आहोत. तीस सप्टेंबर, भूकंपाचा दिवस. सगळं गाव जमलंय. समोर माईकजवळ मी उभी आहे, माझीच पाठ मला दिसते आहे. मी गावाला धाटाचं सांगते, भिंतींचं सांगते. मग म्हणते, "दगडाची गोष्ट मी पसरवली होती. ती गोष्ट खोटी ठरली. माझ्या आत्यावर आपण सगळ्यांनी अन्याय केला, आणि सुरुवात माझ्यापासून झाली."

पहिल्या रांगेतून मन्मथअप्पा उठतात. पंच्याऐंशी वर्षांचे. काठी बाजूला ठेवून हात पुढे करतात.

"बाई, ते धाट जरा इकडं द्या."

ते वाकवतात, मोडतात. आत्याला लागला तोच झटका त्यांच्या हातालाही लागतो. ते खाली बसत नाहीत.

"माझी पोरं गेली," ते म्हणतात. "मला कुणावर तरी ते घालायचं होतं. नागरबाई सापडली. एकतीस वर्षं तिच्या विहिरीचं पाणी प्यालो न्हाई मी. उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळालो, पण तिथं गेलो न्हाई. आज जातो. कुणाला यायचं त्यानं यावं."

आणि ते निघतात. त्यांच्या मागं एकेक करून सगळे. आत्या माझा दंड धरते, आम्हीही चालतो. दोन-अडीचशे माणसं शेताच्या वाटेनं. कुणीतरी दोर आणलाय, कुणी कळशी. पहिली ओंजळ मन्मथअप्पा पितात. दुसरी त्यांची सून. मग बायका, मुलं, शिक्षक. लिंबाखालच्या दगडावर कुणीतरी पाणी घालतं.

"पाणी किती हाय?" आत्या माझ्या कानाशी विचारते.

"तेरा हात. गावात यंदा दुसरी एकही विहीर एवढी भरलेली नाही."

"मी म्हणत हुते की पाणी तिथंच हाय," ती म्हणते. आवाजात असा तोरा आहे की मला तो अकरा वर्षांची असताना ऐकलेला आठवतो. "सगळे हसले हुते मला. गोड हाय का?"

"मन्मथअप्पांनी दोनदा मागितलं."

आता ती हसते. तोंडभर, मान मागं टाकून. तिचं हसणं विहिरीत उतरतं आणि परत वर येतं.

हसत हसतच ती माझ्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवते. दुसरा पाय आत येतो. ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून वर छताकडे बघते. दारावरून साऱ्या भिंतींभोवती फिरलेला काँक्रीटचा पट्टा तिला दिसतो.

"ह्यो कशापायी?"

"भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून. हलल्या तरी सुटत नाहीत."

ती भिंतीवर थाप मारते. मग दोन. मग खांद्यानं रेटून बघते, बैलाला रेटावं तसं. भिंत जिथल्या तिथं.

"बरं हाय," ती म्हणते. "शिवे, फुगडी घाल माझ्यासंगं."

"आता? इथं?"

"नऊ वर्षं आभाळाखाली बसले मी. हितंच घालायची. ये, पायाला पाय लाव. हात आडवे धर. मागं रेल."

तिचे हात गरम आहेत. आम्ही फिरायला लागतो. आधी हळू, मग वेगात. भांडी खणखणतात, भिंती फिरतात, छत फिरतं, पायाखालची फरशी भिरभिरते. या वेळी सगळं आम्ही दोघी हलवतो आहोत. आत्याचा अंबाडा सुटतो. ती ओरडून सांगते, "घट्ट धर, सोडू नको," आणि तिची बोटं माझ्या हातांत रुततात.

मी जागी होते. फरशी थंड आहे, शेजारचा शेंगांचा आवाज थांबलाय. छाती धावून आल्यासारखी उडते आहे. उठून बसते आणि केस मागं घ्यायला हात वर करते तेव्हा दिसतं. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला नखांच्या चार कोरी उमटल्यात, लालभडक, ताज्या.

मी डावा हात उजेडात धरते. त्याच्यावरही चार.