काठावर उभा कोण?

ये गं, जवळ ये. कागदावर का होईना, पण मांडीला मांडी लावून बस. काल निघताना दारात चपला घालत तू ती विहिरीची ओवी गुणगुणत होतीस आणि वर मला म्हणालीस, "आजी, किती गोड आहे गं!" गोड? कॉलेजात शिकतीस ना? कान कुठं गहाण ठेवलेस?

तू म्हणतेस ती ओवी अशी:

विहीर बोलावी, ये गं लेकी पाण्याला
नादावली लेक धनगराच्या गाण्याला
हिरवं हिरवं पाणी, घेतं लेकीला पोटात
हिरवा चुडा वाजं विहिरीच्या ओठात

विहिरीला माणसासारखं बोलवायला लावलं, ही चेतनगुणोक्ती, असं तूच मला समजावलंस. असेल. तुझ्या बापाच्या शाळेच्या पुस्तकात अक्षरं जुळवत अलंकार मीही वाचलेत. पण हा अलंकार कुणासाठी घडवला, ते विचारलंस का? अगं, विहिरीला हात फुटले की माणसाचे हात मोकळे! आणि तो हिरवा चुडा. चुडा तर नवरीचा. म्हणजे धनगराशी होऊ दिलं नाही ते लग्न पाण्याशी लावून दिलं, आणि वर म्हणे गोड.

निजामाचं राज्य होतं. तामलवाडीकडची मी, मला दिली लोहाऱ्याकडं. नवीनच नांदायला आले होते. पहाटे जात्यावर मी आणि माझी सासू समोरासमोर. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. ओवीची पहिली ओळ एकीनं उचलायची, दुसरी ओळ दुसरीनं ठेवायची, अशी रीत. नव्या सुनेनं माहेरची ओवी काढली की सासूलाही जरा मौज वाटायची. मी आपली हौसेनं त्याच पोरीची ओवी काढली, पण माझ्या आईनं शिकवलेली. आत्याबाईंना यायची नाही म्हणून दोन्ही ओळी मीच म्हटल्या:

काठावर उभा कोण? पाठीराखा तिचा भाऊ
म्हणे, हात दे गं बाई, नको पाण्याला तू भिऊ

आत्याबाईंनी खुंटा सोडला. माझ्या एकटीच्या हातानं जातं जरा फिरलं आणि थांबलं.

"कुठं शिकलीस?"

"आईकडनं. का ओ?"

"हितं म्हणायची न्हाय."

बाहेर ओसरीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, तुझे पणजोबा, राखुंडीनं दात घासत होते. "जातं का थांबलं गं?"

"खुंटा ढिला झालाय," आत्याबाई म्हणाल्या आणि विहिरीची ओवी म्हणायला लागल्या.

पीठ भरताना हळूच बोलल्या, "तू बसलीस तिथं माझी नणंद बसायची. ह्यांची पाठची बहीण. तिचीच ओवी हाय ती."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. "मग विहिरीनं नेली म्हणून का गाता?"

"अमीन आला चौकशीला, तवा साऱ्या गावानं त्येच सांगितलं. इहिरीनं ओढली. मग बायांनी त्येच गायलं."

अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. त्याला सांगितलेली थाप बायांनी यमकात बसवली, झालं! गावानं तोंड दाबलं, तरी इथली कुणी लेक खरी ओवी घेऊन आमच्याकडं नांदायला आली असणार. तिनं ती माझ्या आईपर्यंत पोचवली.

याहून संतापाचं सांगते. भावाला औक्ष मागितल्याशिवाय आमचं दळण संपत नाही. म्हणून विहिरीच्या ओवीच्या शेवटीसुद्धा त्या बुडालेल्या पोरीच्या तोंडी घातलंय, 'माझ्या भावाला औक्ष लाभू दे.' जीव गेला हिचा आणि औक्ष त्याला! माझं अंग अजून पेटतं.

मी म्हटलं, "आत्याबाई, ही विहिरीची ओवी मी म्हणायची न्हाय. माहेरी धाडलं तरी चालंल."

"लई शहाणी! तुला धाडून दळायचं कुणी? तुझ्या सासऱ्यानं?"

पण दुसऱ्या पहाटे त्यांनीच ओवी उचलली. "काठावर उभा कोण?" मी पुढची ओळ ठेवायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. दुसरी ओळ कुणीच ठेवली नाही. जात्याची घरघर तेवढी. ओसरीवरचं खाकरणं बंद झालं. त्यांनी पुन्हा विचारलं, "काठावर उभा कोण?"

मामंजी होते तोवर आमचं दळण त्याच सवालानं सुरू व्हायचं. पुढची ओळ काय, असं त्यांनी कधी विचारलं नाही. आणि शेवटची भावाची ओवी आत्याबाईंनी टाकूनच दिली, स्वतःला भाऊ असताना.

आता सांग, तुझ्या पुस्तकात याला कुठला अलंकार म्हणतात?

आत्याबाई गेल्या. जातं न्हाणीशेजारी आहे, त्याला परवाच नवा खुंटा बसवून घेतला. एकटीला ओवी उचलता येते गं, ठेवायला समोर कुणीतरी लागतं. ओसरीवर आता कुणी नाही. दुसरी ओळ मोठ्यानं म्हणू. सुट्टीची वाट बघू नकोस, लवकर ये.