जिल्दसाज चाचा आणि माझी तीन यंत्रं

जिल्दसाज चाचांना वही बांधायला सांगितली की ते माप विचारत नसत. "पयले मले एक दिवस बसू द्या," म्हणत. मग त्या कचेरीतल्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसत आणि कोणता कागद कुणाच्या हातून कुणाच्या हाती जातो, एवढंच बघत. अमरावतीतली वसतिगृहं, वाचनालयं, धर्मादाय दवाखाने, सगळ्यांच्या वह्या त्यांच्याच हातच्या. आमच्याकडे ते असे बसले, तेव्हा पेशंट समजून दोघांनी त्यांना खोकल्यावरचा काढा सांगितला. चाचांनी तो नीट ऐकूनही घेतला.

आमच्याकडे म्हणजे क्षयरोग्यांना मोफत औषध देणाऱ्या राजापेठेतल्या मंडळात. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी अकोल्याहून आलेला नवा चिटणीस. वय चोवीस, आणि मंडळात आपल्याइतका शहाणा कुणी नाही याची पक्की खात्री. तोवर सगळा कारभार नर्स वासनिकबाईंच्या एका जाड वहीवर चाले. मला त्या वहीची लाज वाटे. मी नागपूरहून तीन वस्तू आणल्या: रोग्यांच्या कार्डांचं लोखंडी कपाट, इंग्रजी टाइपरायटर आणि पत्रांच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाइल यंत्र. कमिटीपुढे त्यांवर पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. वासनिकबाईंनी एकच विचारलं, "सर, हे वापरायचं कोणी?" मी हसलो. ते हसू आठवलं की अजून कान तापतात.

कार्डं मी आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं लावली. औषधांची वही नंबरानं चाले. दोन्हींचा मेळ लागेना, त्यामुळे कोण आलं नि कोण चुकलं हे कळायला एक आख्खी दुपार जाई. चुकलेल्यांना मी सायक्लोस्टाइलवरचं पत्र धाडी. तेही इंग्रजीत, कारण टाइपरायटर इंग्रजी. शेतमजुरांना आणि विणकरांना 'डिअर सर'. शेवटी सुटे कागद इतके साचले, की ते बांधून नजरेआड करावेत म्हणून मी चाचांना बोलावलं.

दिवसभर बसून झाल्यावर चाचा म्हणाले, "साहेब, अवजारं चांगले आनले तुमी. पन एकाची दुसऱ्याशी वळखच नाई करून देल्ली." मग वासनिकबाईंकडे वळले. "बाई, तुमी टेबलाखाली काय लिहून राहिल्या?"

बाईंनी संकोचत एक छोटी वही पुढे केली. माझ्यापासून लपवून त्यांनी जुनी पद्धत चालू ठेवली होती. चाचांनी पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तुळशीबाई, अंजनगाव सुर्जी. दोन महिने इंजेक्शन नाही.

"हे काहून नाई येत?"

"पत्र पाठवलंय," मी रुबाबात म्हणालो.

"पत्र गेलं. बाई आली का?"

दुसऱ्या दिवशी चाचा आणि मी एस.टी.नं अंजनगावला गेलो. तुळशीबाई भावाच्या घरी खाटेवर पडून होत्या, पार खंगलेल्या. भावानं पेटीतून घडी घातलेलं माझं पत्र काढलं. 'तुम्ही इलाज बंद केला आहे' असं मी इंग्रजीत लिहिलं होतं. गावातल्या कुणीतरी ते 'तुमचा इलाज बंद केला आहे' असं वाचून दाखवलं होतं.

"दवाखान्यानंच नाई म्हटलं, मंग कोन्या तोंडानं याव?" भाऊ म्हणाला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. चाचा खाटेजवळ उकिडवे बसले. "बाई, चूक आमची झाली. उद्या या, मी फाटकापाशी उभा राहीन." ते पत्र चाचांनी त्या क्षणापर्यंत पाहिलंही नव्हतं, तरी ते 'आमची' म्हणाले.

परतताना मी यंत्रं विकायची भाषा केली. "काहून? त्याईचा काय गुन्हा?" चाचा म्हणाले. "आनले तं आता कामाले लावा." त्यांनी नवी वही बांधली. तिच्यातला नंबर तोच कार्डावर आला, आणि जो चुकेल त्याचं कार्ड कपाटात बाकीच्यांच्या वर डोकं काढून उभं राहू लागलं. पत्राचं स्टेन्सिल वासनिकबाई टोकदार लेखणीनं मराठीत कोरू लागल्या. टाइपरायटर सरकारशी बोलण्यापुरता उरला, आणि मीही जवळपास तेवढ्यापुरताच. तुळशीबाई दीड वर्ष न चुकता आल्या आणि बऱ्या झाल्या.

पुढे मी अकोल्याला एका मोठ्या संस्थेत व्यवस्थापक झालो. काही वर्षांनी चाचाही तिथं मुलीकडे राहायला आले. त्यांची नजर गेली होती. मी भेटायला गेलो आणि आपल्या चार कपाटांचं वर्णन करत बसलो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुळशीबाई कशी हाय?"

"ती केस बंद झाली, चाचा. बरी झाली."

"ते तवाचं. आता कशी हाय?"

मला माहीत नव्हतं.

रविवारी मी अंजनगावला गेलो. तुळशीबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, पण चाचांचं नाव काढताच उठल्या आणि मिरच्यांची पुरचुंडी बांधून दिली. ती मी अकोल्याला नेऊन चाचांच्या हातात ठेवली. आमची ती शेवटची भेट ठरली. त्यांनी गाठ सोडली, पुरचुंडी नाकाशी नेली आणि चांगले तीनदा शिंकले.

"बरी हाय म्हनजे," डोळे पुसत ते म्हणाले.