उद्याचं सांगणारी

वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार माणसाला झोपवत नाही, आडवं पाडते. प्रणिता फरशीवर ओला कपडा फिरवते आणि ती सुकायच्या आत तिच्यावर अंग टाकते. जराशी पाठ टेकायची आणि मग ऑफिसला उत्तर लिहायचं, एवढाच बेत. कूलर घरघरतो आहे. ओल्या वाळ्याचा वास येतो आहे. ओढणीचं टोक तोंडावर घेतलं की उजेड पिवळट होतो आणि घर थोडं लांब सरकतं.

घर बेबीमावशीचं. मावशी यंदाच्या हिवाळ्यात गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी तालुक्याला न्यायला गाडी दारात उभी राहिली, आणि मावशी गाडीत बसलीच नाही. पण तिचा आवाज अजून गेलेला नाही. खरी अडचण तीच आहे.

प्रणिता संख्याशास्त्र शिकली आणि नागपूरच्या एका संस्थेत लागली. त्या संस्थेने एक फोन नंबर चालवला आहे. तो लावला की उद्याचं हवामान सांगतात, तेही पुस्तकी मराठीत नाही, थेट वऱ्हाडीत. पाऊसपाणी येईल का, वारा किती सुटेल, गच्चीवर कुरड्या-पापड घालावे की नाही. हा आवाज मावशीचा. आतल्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगून, बकऱ्यांचा आणि पंपाचा आवाज बाहेर ठेवून, प्रणितानेच तो घेतला होता. ‘उद्या’ वेगळं, ‘सकायी’ वेगळं, ‘पानी येईन’ वेगळं, ‘उघाड राहीन’ वेगळं. यंत्र हे तुकडे गोधडीच्या ठिगळांसारखे जोडतं आणि रोज नवं सांगतं.

आता संस्थेला तुकडे जोडायचे नाहीत. नवं यंत्र आवाज स्वतःच घडवतं. घरच्यांची परवानगी असेल तर ते मावशीच्या आवाजात वाटेल ते वाक्य बोलेल, तिने कधी न उच्चारलेलंसुद्धा. परवानगी नसेल तर शहरातला तयार आवाज बसवतील. तो आवाज ऐकून इकडच्या बाया फोन ठेवून देतात, हे प्रणिताने स्वतः तपासलेलं आहे. काय ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं.

देविदासकाका, मावशीचे यजमान, म्हणाले, “तू शिकलेली हायेस, तूच पाह्य.” ते रोज सकाळी तो नंबर लावतात. ओट्याच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते, म्हणून त्यांनी आपली बाज तिथेच टाकून घेतली आहे. प्रणिता म्हणाली होती, “काका, मावशीचं सगळं रेकॉर्डिंग मी तुम्हाला पेनड्राइव्हवर देते ना.” त्यावर ते बराच वेळ चपलेची माती काढत बसले.

“त्याच्यातली कालचंच सांगन,” मग ते म्हणाले. “फोनावरची उद्याचं सांगते.”

कूलरची घरघर लांबत जाते. ओढणीचा पिवळा उजेड जाड होतो, त्याला टाके दिसू लागतात. ओढणी नाहीच ती, गोधडी आहे. चारी बाजूंनी गोधड्या आहेत आणि मधे, पाटावर, मावशी बसली आहे.

“उद्या,” मावशी म्हणते. थांबते. “सकायी.” थांबते. “उघाड राहीन.”

“मावशी, नीट बोल ना.”

“मंग तुयं ते मशीन बंद कर आधी. त्याच्यासमोर मले मोकळं बोलता येत नाई. घास मोजून खाल्ल्यासारखं वाटते.”

प्रणिता यंत्र बंद करते. यंत्र कुठे आहे ते तिला दिसत नाही, पण बंद झाल्याचं कळतं, कारण मावशीचे खांदे खाली येतात.

“वाळली तू,” मावशी म्हणते. “नागपुरात जेवाले देत नाईत का वं?”

“देतात.”

“देतात म्हंते. बरगड्या मोजून घ्या म्हना.”

मावशी गोधडी बाजूला करते. पलीकडे तालुक्याचा एसटी स्टँड आहे. फलाटावर एकही गाडी नाही. बाकांवर बाया बसल्या आहेत, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. चौकशीच्या खिडकीवरचा भोंगा खरखरतो आणि त्यातून मावशीचाच आवाज येतो: उद्या उघाड राहीन, वायवन टाका. सगळ्या बाया माना वर करतात. मग माना वळवून, भोंग्याकडे नाही, मावशीकडे बघतात.

एक बाई सूप घेऊन उठते. शेजारच्या खंडारेकाकू. सुपात भिजून लगदा झालेल्या कुरड्या आहेत.

“तूनं सांगतलं होतं उघाड हाय म्हनून!”

“माय, म्या नाई सांगतलं. फोननं सांगतलं.”

“आवाज कोनाचा होता मंग? माया सासूचा?”

मावशी हसते. प्रणिताला आठवतं, हे घडलेलं आहे. गेल्या उन्हाळ्यात, मावशी असताना, अवकाळी पाऊस झाला आणि खंडारेकाकू अशाच दारात येऊन भांडल्या. मावशीने वाद घातला नाही. घरचे गहू भिजत घातले, चीक काढला, आणि काकूंच्या गच्चीवर जाऊन त्यांच्या कुरड्या पुन्हा घालून दिल्या. ‘आवाज माया व्हता ना,’ एवढंच म्हणाली. प्रणिताने तेव्हा तिला समजावलं होतं की अंदाज चुकणं ही यंत्राची चूक नसते, शंभरात इतक्या वेळा ते चुकणारच असतं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि चीक ढवळत राहिली.

आता मावशी काकूंच्या हातातलं सूप घेते, पदराने कुरड्या टिपते आणि चालू लागते. स्टँडच्या मागचं दार उघडतं आणि आतून गार हवा येते. लोखंडी फडताळांच्या रांगा आहेत, छतापर्यंत. त्यांत हिरवे ठिपके लुकलुकताहेत, काजवे डबीत कोंडल्यासारखे. असं ठिकाण प्रणिताने फक्त फोटोत पाहिलं आहे. तिच्या गावचं आणि साऱ्या मुलुखाचं बोलणं कुठेतरी दूर अशा कॉम्प्युटरच्या खोल्यांत जाऊन बसतं, हे तिला माहीत आहे. तिथे जायचा रस्ता एसटी स्टँडवरून असेल, हे माहीत नव्हतं.

मावशी फडताळांच्या मागच्या बाजूला जाते. तिकडून ऊन ऊन वारा येतो आहे. ती तिथल्या जाळीवर एकेक कुरडई मांडते.

“इथं बरं वायते,” ती म्हणते. “ऊनही नाई लागत.”

“मावशी, हे कॉम्प्युटर सगळ्या जगाचे आहेत.”

“मंग जगाच्याही वायतीन. जागा हाय की.”

तिचे हात चालतात ते प्रणिता बघत राहते. मावशी डावखुरी. मांडते डाव्या हाताने, उचलते डाव्या हाताने. आणि पदराला गाठही डाव्याच हाताने मारते. काही लक्षात ठेवायचं असलं की मावशी पदराच्या टोकाला गाठ मारायची. एका गाठीत एकच गोष्ट, आणि काम झाल्याशिवाय गाठ सोडायची नाही, हा तिचा नेम. लहानपणी प्रणिता त्या गाठींची नक्कल करायची, तर तिची गाठ नेहमी उलटी वळायची. कॉलेजात गेल्यावर कळलं की ही नजरेची गंमत नाही. गाठीला डावं-उजवं असतं. आरशातली गाठ कितीही फिरवली तरी बाहेरच्या गाठीसारखी होत नाही, ती सोडूनच पुन्हा मारावी लागते.

“मावशी,” ती विचारते, “शेवटच्या रेकॉर्डिंगला तू निघताना गाठ मारली होतीस. म्हणालीस, पुढच्या वेळी आठवण दे. कशाची होती ती?”

ते लुगडं रिवाजाप्रमाणे देऊन टाकलं. गाठीसकट गेलं. आत काय होतं, ते प्रणिता महिनोन् महिने डोक्यात घोळवते आहे.

मावशी कुरडई हातात धरून थांबते. “एक वाक्य राह्यलं होतं.”

“कोणतं? यादीतलं सगळं तर झालं होतं.”

“यादीत नव्हतंच ते. पानी येईन, हे तूनं माया तोंडून घेतलं. पानी येनार नाई, तेही घेतलं. पन माहीत नसलं तर काय म्हनावं? ते कुठी घेतलं तूनं?”

प्रणिता म्हणते, “आमचे ऑफिसातले सर म्हणतात, माहीत नाही म्हणणारा फोन कोण लावेल?”

“तुये सर कुरड्या टाकत असतीन का?”

“नाही.”

“हां. मंग त्याईले काय समजते.” मावशी कुरडई जाळीवर ठेवते. “मशीनले समजते का वं, आपल्याले माहीत नाई म्हनून?”

हा प्रश्न सोपा नाही, पण त्याचं उत्तर प्रणिताला नेमकं ठाऊक आहे. समजतं, थोडंफार. प्रत्येक अंदाजाबरोबर यंत्र आपली खात्री किती तेही काढतं. तो आकडा बोलण्याच्या आधी गाळून टाकतात. त्या गाळणीचा प्रोग्राम प्रणितानेच लिहिलेला आहे.

“समजतं,” ती म्हणते. “आम्ही बोलू देत नाही.”

“मंग असं नोको करू. माया आवाज न्या, मले काय करायचा हाय तो आता. पन लोकं मले विचारतात, पोरी. तुले नाई विचारत, सराले नाई विचारत. मले विचारतात.”

गार हवेत तिचा आवाज नेहमीपेक्षा जवळ येतो. ती प्रणिताच्या ओढणीचं टोक ओढून घेते.

“विसरशीन तू. दे इकडं.”

डावा हात फिरतो, टोक आत जातं, मावशी दातांनी ओढून घट्ट करते, तशीच, कायम करायची तशी.

“मावशी, काका रोज फोन लावतात. तुझा आवाज बंद झाला तर ते काय करतील?”

मावशी तोंड फिरवते. फडताळांवरचे ठिपके तिच्या गालावर हिरवे पडतात. कुरड्या वाळल्याचा बारीक कडकड आवाज येत राहतो.

“मले माहीत नाई,” मावशी म्हणते.

हेच ते वाक्य. तिच्या आवाजात, तिच्या तोंडून, मोकळं, न मोजता बोललेलं. प्रणिता यंत्राकडे झेपावते. यंत्र बंद आहे. तिनेच बंद केलं होतं. “मावशी, थांब, एकदा परत म्हण,” ती म्हणते, “फक्त एकदा,” आणि फडताळांवरचे ठिपके रांगेरांगेने विझत जातात.

लाईन गेली आहे. कूलर थांबला आहे, आणि त्या शांततेनेच तिला जाग आली आहे. फरशी केव्हाच सुकली. गळा घामाने भिजला आहे. ओट्यावर कोणीतरी बोलतंय: उद्या. सकायी. उघाड राहीन. आणि मग काकांचा आवाज, हळू, समोर माणूस असल्यासारखा, “हो. हो. बरं.”

सकाळी एकदा लावून झाला होता. आज ते पुन्हा ऐकताहेत.

प्रणिता उठून बसते. मानेखालची ओढणी ओढते, तर टोकाशी काहीतरी टोचतं. गाठ आहे. ती उजेडाला धरते. टोक कोणत्या बाजूने आत गेलं, कोणत्या बाजूने बाहेर आलं, ते बोटाने तपासते. मग ओढणीचं दुसरं टोक घेऊन स्वतः एक गाठ मारते आणि दोन्ही शेजारी धरते. तिची एकीकडे वळते, ही दुसरीकडे. झोपेत माणूस काहीही करतं, ती स्वतःला सांगते. पण झोपेत हात बदलतो का?

ती आपली गाठ सोडते. दुसरीला हात लावत नाही.

ओट्यावर जाऊन ती काकांच्या बाजेवर बसते, कारण रेंज तिथेच आहे, आणि उत्तर लिहिते. मावशीचा आवाज न्या. पण खात्री कमी असेल तेव्हा फोनने ‘मले माहीत नाई’ म्हणायला हवं, लपवायचं नाही. हे मान्य नसेल तर आमची परवानगी नाही. सर काय म्हणतील ते तिला आत्ताच ऐकू येतं आहे. मान्य होणार नाही, बहुतेक. मग पुढच्या महिन्यात या कोपऱ्यात शहरातली कोणी अनोळखी बाई उद्याचं सांगेल. मान्य झालं तरी ते वाक्य यंत्राने घडवलेलं असेल. खरं होतं ते मागे राहिलं, गार खोलीत.

“मंग?” काका विचारतात. “काय लिवलं?”

ती सांगते. ते ऐकून घेतात. ‘तिचा आवाज बंद होईन का’ असं ते विचारत नाहीत, पण फोन धरलेला हात मांडीवर उलटा पडतो. मग त्यांची नजर ओढणीवर जाते. ते वाकून टोक हातात घेतात, अंगठ्याने गाठीवरून एकदा फिरवतात. त्या वळणाशी त्यांची सगळ्या संसाराची ओळख आहे. त्यांचा अंगठा तिथेच राहतो.

“ही तूनं मारली?”

प्रणिता त्यांच्या अंगठ्याकडे बघते.

काका टोक तिच्या मांडीवर परत ठेवतात, सांडू नये असं काही ठेवावं तसं.

“सोडू नोको मंग,” ते म्हणतात. “काम झाल्याबिगर सोडाची नसते.”