कल्हईवाल्या चाचांच्या रक्ताची तपासणी

मंडळी, आज सकाळी शहागंजात पितळी पातेल्याला कल्हई करून घ्यायला गेले होते. कल्हईच्या कथलात हल्ली स्वस्त शिसं मिसळतात, असं कानावर आलं होतं. म्हणून कल्हईवाल्या चाचांना म्हटलं, "कथलाचा एक तुकडा द्या, लॅबमधून तपासून आणते."

आईच्या काळापासून आमची भांडी त्यांच्याकडंच. चेहरा उतरला त्यांचा. "इत्ते बरसों का भरोसा है बेटी, आज शक?" पण तुकडा दिला.

लॅबमधल्या ताईंनी तो ठेवून घेतला. मी सहज विचारलं, "माणसाच्या अंगात शिसं गेलं का, ते कसं कळतं?"

"पोटात कळा येतात, पण खात्री रक्तावरून होते. तेही बोटाला टोचून भागत नाय. बोटाला धूळ असली तर आकडा चुकतो. शिरेतून घ्यावं लागतं."

बोटांची धूळ म्हटल्यावर मला चाचांचेच हात दिसले. दिवसभर भट्टीच्या धुरात बसायचं आन् त्याच काळ्या बोटांनी भाकर मोडायची. मधूनच पोट धरतात, विचारलं तर "गॅस है" म्हणतात.

तशीच परत गेले. "चाचा, पातेलं राहू द्या. उद्या तुमचं रक्त द्यायला जायचंय."

"मेरेकू क्या हुआ?"

"तेच तर बघायचंय."

ते नाय-नाय म्हणत राहिले. ते व्हय म्हणेपर्यंत मी पण तिथून हलले नाय.

कारखान्यात कामगारांची ही तपासणी करतात. रस्त्याकडंला भट्टी लावणाऱ्याची कोण करतं? तुमच्या भांड्यांना कोण कल्हई करतं? त्याला उद्या एवढंच विचारा, पोट दुखतं का.