ठकूबाईंचा पुसट फोटो

फोटोवाल्या मित्रांनो, आजचं आजच लिहून आपल्या मंडळाच्या फळ्यावर लावतोय.

सकाळी कॅमेरा साफ करायला भिंगारच्या इब्राहीम मिस्त्रींकडे नेला. भिंग उघडून ते म्हणाले, "एका बाजूनं सैल हाय. फोटोत डावीकडचं पुसट येत आसंल. लई दिसांचं दिसतंय."

मला पारनेरच्या ठकूबाई आठवल्या. मुलगा लढाईवर निघाला, त्याच्या आदल्या दिवशी मायलेक माझ्याकडे फोटोला आले होते. आठवड्याने फोटो न्यायला त्या एकट्याच आल्या. फोटोत उजवीकडचा मुलगा स्वच्छ, डावीकडची आई पुसट. मी त्यांनाच बोललो, "बाई, हलू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"माझंच चुकलं, दादा. हुंदका आवरला न्हाई."

आज दुकानात येऊन त्या फोटोची जपून ठेवलेली निगेटिव्हची काच उजेडात धरली. त्यांच्या शेजारची कुंडीसुद्धा तेवढीच पुसट आहे. कुंडीला कुठला हुंदका?

उद्या पारनेरला जातोय. मुलगा अजून परतलेला नाही. मला दारात पाहून त्या फोटो बिघडवल्याबद्दल पुन्हा माफी मागतील. तेव्हा मी कुठल्या तोंडाने काय सांगू?